कोयनेच्या भूकंपांना वर्षाचा ठेका आहे का? प्रकल्प नोंदी

4 जून

सुरुवात करतेय. प्रश्न एकदम साधा ठेवलाय: कोयना-वारणा पट्ट्यातल्या भूकंपांमध्ये वर्षाच्या हिशोबाने पुन्हा पुन्हा येणारा काही पॅटर्न आहे का, आणि असला तर तो किती पक्का आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल पाऊस झाला, धरण भरलं की हादरे वाढतात. लोकांचा हा अनुभव मला मोलाचा वाटतो, पण अनुभव आणि आकड्यांतून सिद्ध झालेलं यात अंतर असतं आणि ते अंतर मला स्वतः चालून बघायचंय.

कोयनाच का, तर जगात अशी जागा सापडणं अवघड आहे. साधारण 20 बाय 30 किलोमीटरचा छोटासा पट्टा, बहुतेक भूकंप 10 किमी खोलीच्या आतले, आजूबाजूला दुसरा कुठलाही मोठा सक्रिय झोन नाही, आणि 1962 पासून, म्हणजे शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) भरायला लागल्यापासून, धक्के आजपर्यंत थांबलेले नाहीत. 5 मॅग्निट्यूडच्या वरचे वीसेक, 4 च्या वरचे दोनशेच्या आसपास, छोटे तर हजारोंनी. शिवाय पाण्याच्या पातळीची नोंद रोजची. म्हणजे कारण असू शकणारी गोष्ट आणि परिणाम असू शकणारी गोष्ट, दोन्ही मोजलेल्या. हिमालयात हे सुख नाही.

11 जून

कॅटलॉग, म्हणजे भूकंपांच्या याद्या, जोडण्याचं काम. जुनी वर्षं वेगळ्या यादीतून, 2005 नंतरची वर्षं डिजिटल नेटवर्कची, त्यामुळे दोन्हीकडचे मॅग्निट्यूड एकाच मोजपट्टीवर आहेत असं धरून चालता येत नाही, जिथे दोन्ही याद्या ओव्हरलॅप होतात तिथे एकाच भूकंपाचे दोन आकडे शेजारी ठेवून फरक बघतेय.

वेळेचंही बघावं लागतं. 1967 चा मोठा भूकंप आपल्याकडे सगळे 11 डिसेंबरचा म्हणतात, पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला, 6.3 मॅग्निट्यूड, दोनशेच्या आसपास माणसं गेली. जागतिक याद्यांमध्ये तोच भूकंप 10 डिसेंबर, रात्री 22:51 असा आहे, कारण ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. वर्षाच्या आवर्तनासाठी साडेपाच तासांनी काहीच बिघडत नाही. पण पुढे दिवस-रात्र किंवा भरती-ओहोटीचं आवर्तन तपासायचं असेल तर सगळी यादी एकाच घड्याळावर पाहिजे, म्हणून आत्ताच सगळं यूटीसीत करून टाकलं.

सुरुंगही काढायचे होते. खाणीचे स्फोट दिवसा आणि कामाच्या दिवशीच होतात, ते यादीत राहिले तर 24 तासांचं आणि 7 दिवसांचं आवर्तन अगदी सुंदर दिसतं आणि ते पूर्णपणे माणसाचं असतं. कोयनेचं लेक टॅपिंगही (तलावाच्या तळाशी स्फोटाने भोक पाडून पाणी बोगद्यात घेणं) दोनदा झालंय, 13 मार्च 1999 आणि 25 एप्रिल 2012, त्या दोन तारखांवर खूण करून ठेवलीय.

19 जून

पद्धत ठरली: शुस्टर टेस्ट. आर्थर शुस्टरने 1897 मध्ये मांडली, तेव्हाही वाद हाच होता की भूकंप सूर्य-चंद्राच्या तालावर होतात का. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी सुरुवात इथूनच करतात कारण ती समजायला स्वच्छ आहे.

आयडिया अशी. वर्ष म्हणजे एक गोल धरा, 1 जानेवारी उत्तरेला, तिथून घड्याळाच्या दिशेने. आता मोकळ्या मैदानात उभे राहा आणि प्रत्येक भूकंपासाठी त्याच्या तारखेच्या दिशेला एक पाऊल टाका. भूकंप वर्षभर कसेही विखुरलेले असतील तर पावलं इकडेतिकडे पडतात आणि एन पावलांनंतर तुम्ही सुरुवातीपासून साधारण वर्गमूळ एन एवढेच लांब असता, म्हणजे 400 पावलांनंतर वीसेक पावलं. पण भूकंप ठरावीक महिन्यांत जास्त होत असतील तर तुम्ही त्या दिशेला सरकत जाता. हे अंतर आर. मग निव्वळ योगायोगाने इतकं किंवा याहून लांब जाण्याची शक्यता, म्हणजे पी, ही ई चा (2.718 चा) उणे (आर वर्ग भागिले एन) घात. बस्स. पायथनमध्ये पाच ओळी.

यात एक अट आहे जी बरेच जण वाचून पुढे जातात, की प्रत्येक पाऊल स्वतंत्र पाहिजे. भूकंप स्वतंत्र नसतात, मोठ्याच्या मागे आफ्टरशॉक येतातच. माझ्या मते या सगळ्या विषयाचा जीव याच अटीत आहे.

27 जून

वरची अट मोडली तर काय होतं ते खोट्या कॅटलॉगवर करून बघितलं, खऱ्या डेटाला हात लावायच्या आधी. 800 भूकंप वर्षभर पूर्ण रँडम टाकले, काहीही ताल नाही. त्यात डिसेंबरच्या मध्यात एकाच आठवड्यात 200 आफ्टरशॉक टाकले, तेही एकाच वर्षी. आता 800 रँडम पावलं मिळून अठ्ठावीसेक पावलांचं अंतर देतात, पण ती 200 पावलं जवळजवळ एकाच दिशेला पडतात. म्हणजे आर साधारण 200, वर्ग 40,000, भागिले 1000 म्हणजे 40. पी म्हणजे ई चा उणे 40 घात, दशांशचिन्हानंतर सतरा शून्यं आणि मग 4. इतकी जबरदस्त "वार्षिक आवर्तनाची" खात्री, आणि कॅटलॉगमध्ये वार्षिक असं काहीच नाही, एकदाच झालेली एक घटना आहे.

कोयनेत हे खरोखर घडलेलं आहे, डिसेंबर 1967 चे आफ्टरशॉक पुढे कितीतरी महिने येत राहिले. ते तसेच ठेवून कुणी डिसेंबरचं शिखर दाखवलं तर ते शिखर एकाच वर्षाचं आहे हे आधी विचारायला पाहिजे.

8 जुलै

डिक्लस्टरिंग. म्हणजे आफ्टरशॉक बाजूला काढून फक्त मूळ भूकंप ठेवणं. सगळ्यात प्रसिद्ध पद्धत गार्डनर-नोपॉफ, 1974 ची. मोठ्या भूकंपाभोवती अंतराची आणि दिवसांची खिडकी लावायची आणि आतले सगळे छोटे काढून टाकायचे. त्यांच्या टेबलात 4 च्या भूकंपाला 30 किमी आणि 42 दिवस, 5 च्या भूकंपाला 40 किमी आणि 155 दिवस.

आता हे कोयनेवर लावून बघा. पूर्ण पट्टाच 20 बाय 30 किमीचा! म्हणजे एक 5 चा भूकंप झाला की पुढचे पाच महिने संपूर्ण पट्ट्यातले त्याच्याहून लहान सगळे भूकंप यादीतून गायब. 5 सप्टेंबर 2000 ला असा भूकंप झाला होता, त्याची खिडकी थेट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जाते. म्हणजे डिसेंबरमध्ये खरंच काही वाढ झाली असेल तर ती आपणच पुसून टाकणार आणि वर म्हणणार डिसेंबरमध्ये काही नाही. टेबल कॅलिफोर्नियाच्या मोठ्या प्रदेशासाठी बनलंय, तिथे ते चालतं, आपल्या छोट्या पट्ट्याला ते झेपत नाही.

म्हणून नीअरेस्ट नेबर पद्धत घेतली (झलियापिन आणि सहकारी, 2008). त्यात ठरावीक खिडकी नसते. प्रत्येक भूकंपासाठी आधीच्या सगळ्या भूकंपांशी वेळ, अंतर आणि मॅग्निट्यूड मिळून एक आकडा काढतात आणि सगळ्यात जवळचा "पालक" शोधतात. या आकड्यांचा हिस्टोग्राम काढला की दोन उंचवटे दिसायला पाहिजेत, एक जवळच्या नात्यांचा म्हणजे आफ्टरशॉकचा, एक लांबच्या म्हणजे स्वतंत्र भूकंपांचा. कोयनेत मधली दरी फार खोल नाहीये, कारण इथे खूप वेळा झुंडीने धक्के येतात ज्यात मुख्य भूकंप कुठला हेच सांगता येत नाही. म्हणून कापायची रेषा थोडी इकडेतिकडे सरकवून प्रत्येक वेळी पुढची सगळी टेस्ट पुन्हा चालवणार. निष्कर्ष रेषेवर अवलंबून असेल तर तो निष्कर्ष नाही.

15 जुलै

घाटात पाऊस लागलाय, नवजा-महाबळेश्वरचे आकडे रोज बातमीत येतायत, कोयनेत आवक वाढलीय.

याच पावसाचा एक त्रास माझ्या कामातही आहे. सिस्मोमीटर हे भूकंपाचं यंत्र असलं तरी ते जमिनीची सगळीच थरथर मोजतं, जोराचा पाऊस, वारा, ओढे, धरणाच्या वक्री दरवाजांतून सुटणारं पाणी, सगळं. त्या गोंगाटात 1 किंवा दीड मॅग्निट्यूडचे छोटे धक्के बुडतात. म्हणजे जून-ऑगस्टमध्ये भूकंप कमी *झाले* असं नाही, कमी *पकडले गेले*. आणि ही चूक दर वर्षी त्याच महिन्यांत होते, त्यामुळे शुस्टर टेस्ट तिला एकदम पक्कं वार्षिक आवर्तन म्हणणार. आफ्टरशॉकवाला घोळ निदान एका वर्षाचा असतो, हा तर दर पावसाळ्यात इमानदारीने येतो, म्हणून जास्त धोक्याचा.

यावर उपाय एकच: कुठल्या मॅग्निट्यूडच्या वर यादी पूर्ण आहे ते वर्षासाठी एकत्र न काढता पावसाळा आणि कोरडे महिने वेगवेगळे काढायचे, आणि त्यातला वरचा आकडा दोन्हीकडे लावायचा. जुन्या वर्षांसाठी मी 3 च्या खालचं काहीच घेत नाहीये. डेटा खूप कमी होतो, जीवावर येतं, पण उरतो तो भरवशाचा.

26 जुलै

आज फक्त मोठ्या भूकंपांशी बसले. 5 किंवा त्यावरचे, ज्यांच्या तारखा सगळीकडे सारख्या मिळतात असे (1967 चे आफ्टरशॉक सोडून): 13 सप्टेंबर 1967, 10 डिसेंबर 1967, 17 ऑक्टोबर 1973, 2 आणि 20 सप्टेंबर 1980, 8 डिसेंबर 1993, 1 फेब्रुवारी 1994, 12 मार्च 2000, 5 सप्टेंबर 2000, 14 मार्च 2005, 12 डिसेंबर 2009. तारखा यूटीसीत.

नुसतं वाचलं तरी डोळ्यांना ताल दिसतो: सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, आणि एप्रिल ते जुलै काहीच नाही. आता पावलं टाकू. अकरा पावलांनंतर आर वर्ग साधारण 21.5, भागिले 11 म्हणजे 1.96, पी 0.14. म्हणजे पूर्ण रँडम तारखा घेतल्या तरी सातातून एकदा इतकं अंतर पडतंच. 1980 चे दोन्ही भूकंप एकाच झुंडीचे धरून एकच मोजला तर 0.18. वार्षिक आवर्तन सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. आणि गंमत बघा, या पावलांची एकूण दिशा येते 14 नोव्हेंबरच्या आसपास, जिथे यादीतला एकही भूकंप नाही! कारण तीन वेगळ्या गटांची सरासरी मधेच कुठेतरी पडते.

मग सहा महिन्यांचं आवर्तन लावलं: पी 0.34, काही नाही. तीन महिन्यांचं लावलं: पी 0.015. इथे कुणीही उठून उभं राहील. सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, बरोबर तीन-तीन महिन्यांनी! पण थांबा. मी एक, अर्धं, पाव अशी एकामागून एक आवर्तनं लावत गेले आणि त्यातलं एक जुळलं. चार आवर्तनं तपासली असं धरलं तर 0.015 चं 0.06 होतं. शिवाय अकराच भूकंप, त्यातही एकच तारीख दहा-पंधरा दिवस सरकली तर आकडा बदलतो. आणि तीन महिन्यांचं आवर्तन खरं असेल तर जूनमध्येही भूकंप यायला पाहिजेत, माझ्या यादीत तिथे पूर्ण कोरडं आहे. वर्षातून एकदाच भरणाऱ्या-रिकाम्या होणाऱ्या तलावाकडून तीन महिन्यांचा ताल येण्याचं कारणही माझ्याकडे नाही.

मोठ्या भूकंपांवरून ताल ठरवायचा मोह सगळ्यांना होतो कारण तेच लक्षात राहतात, पण उत्तर असेल तर ते छोट्यांच्या संख्येतच मिळेल.

5 ऑगस्ट

एकेका आवर्तनाऐवजी आता पूर्ण स्पेक्ट्रम. एडर आणि अव्हूआक यांनी 2013 मध्ये नेपाळच्या हिमालयातल्या भूकंपांसाठी हे नीट मांडलं: महिन्यापासून दहा वर्षांपर्यंतची सगळी आवर्तनं ओळीने तपासायची आणि प्रत्येकाचा पी काढायचा. तिथे हिवाळ्यात छोटे भूकंप वाढतात हे आधी दिसलं होतंच, कारण पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर पाण्याचं वजन येतं आणि नंतर उतरतं.

किती आवर्तनं स्वतंत्र धरायची याचा हिशोब सोपा आहे. 50 वर्षांचा डेटा असेल तर महिना ते दहा वर्षं या टप्प्यात जवळपास 600 बसतात. 600 वेळा फासा टाकला तर सगळ्यात कमी पी योगायोगानेच 0.0017 च्या आसपास येणार. म्हणून माझी रेषा 0.05 भागिले 600, म्हणजे 0.00008, त्याखाली आलं तरच बोलायचं. मागच्या नोंदीतला 0.015 या रेषेच्या आसपाससुद्धा येत नाही.

या पद्धतीचा अजून एक फायदा जो मला फार आवडला. आफ्टरशॉक नीट काढले नसतील तर मोठ्या आवर्तनांकडे जाताना सगळेच पी एकत्र खाली घसरत जातात, एखादाच खड्डा न दिसता पूर्ण उतार दिसतो. म्हणजे डिक्लस्टरिंग जमलंय का ते स्पेक्ट्रमच सांगतो. मी कापायची रेषा सैल ठेवली तेव्हा हा उतार स्पष्ट दिसला, घट्ट केल्यावर सपाट झाला, आणि सपाट झाल्यावरही एका वर्षाच्या जागी खड्डा राहिला. एकटा, अरुंद, नेमका 365 दिवसांवर.

हे बघून खूप बरं वाटलं. लोक म्हणतात त्यात तथ्य आहे.

18 ऑगस्ट

आता का, ते. तलावाची पातळी वर्षात तीसेक मीटर किंवा जास्तही वरखाली होते. 30 मीटर पाणी म्हणजे सुमारे 3 बार दाब. भरती-ओहोटीने खडकावर येणारा ताण याच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणून कोयनेत चंद्र शोधण्याआधी तलाव शोधावा हे बरोबरच.

परिणाम दोन वाटांनी होतो. एक वजनाचा, तो लगेच. दुसरा पाण्याचा, फटींमधून दाब हळूहळू खाली झिरपतो आणि फॉल्टला (खडकातल्या सरकणाऱ्या भेगेला) घट्ट धरून ठेवणारा दाब तेवढा कमी होतो. या झिरपण्याला किती वेळ लागतो ते खोलीचा वर्ग भागिले खडकाची डिफ्युझिव्हिटी (दाब त्यातून किती भरभर पसरतो तो आकडा) आणि एक स्थिर गुणक असं काढतात. 5 किमी खोली आणि 1 वर्ग मीटर प्रति सेकंद धरलं तर गुणक 4π घेणाऱ्या सूत्राने 23 दिवस येतात, नुसते 4 घेणाऱ्याने 72 दिवस, आणि खडक दहापट घट्ट निघाला तर 230 दिवस किंवा दोन वर्षं. म्हणजे "धरण सप्टेंबरमध्ये भरलं आणि डिसेंबरमध्ये भूकंप आला, बसतंय की" हे म्हणणं सोपं आहे, पण या सूत्रात कुठलाही महिना बसवता येतो. लॅग, म्हणजे पाणी चढणं आणि भूकंप यातला उशीर, आधी ठरवून मग तपासायचा, उलटं नाही.

खडकाबद्दल आता अंदाजावर राहायची गरज कमी झालीय. कराडच्या बोअरहोल प्रयोगशाळेच्या प्रकल्पात गोठणे गावात 3 किमी खोल पायलट बोअरहोल झालंय, वरचा सव्वा किलोमीटर दख्खनचा बेसाल्ट आणि खाली ग्रॅनाइट-नाइस. भूकंप होतात ते या खालच्या खडकात. तिथली मोजमापं वापरली की लॅगचा टप्पा बराच आवळता येतो.

माझ्या यादीत महिन्यांचा आलेख काढला तर वाढ सप्टेंबरपासून सुरू होते, डिसेंबरला पुन्हा उंच, आणि मे-जूनला तळ. हे आधीच्या अभ्यासांशी जुळतं, ते पहिल्या वाढीला तातडीचा प्रतिसाद म्हणतात आणि दुसऱ्याला उशिराचा. त्यांनी पातळी किती भरभर चढली, आधीच्या सर्वोच्च पातळीच्या वर गेली का, आणि किती दिवस वर राहिली, हेही बघितलंय. मला हे तिन्ही मुद्दे नुसत्या कॅलेंडरपेक्षा जास्त पटतात, कारण खडकाला महिना कळत नाही, दाब कळतो. पुढच्या आठवड्यात 365 दिवसांच्या गोलाऐवजी प्रत्येक वर्षाची पातळीच कोन म्हणून वापरणार, म्हणजे पाऊस उशिरा आलेलं वर्ष आपोआप उशिरा धरलं जाईल.

30 ऑगस्ट

वारणा वेगळी काढली. वारणेवरचं चांदोलीचं धरण 1985 पासून भरायला लागलं, 34.4 टीएमसी, कोयनेच्या 105.25 च्या मानाने बरंच लहान, आणि 1993 पासून धक्क्यांचं केंद्र दक्षिणेकडे सरकलं. त्यामुळे पन्नास वर्षांचा डेटा एका पिशवीत घालणं मला आता पटत नाही. 1985 आधी एक तलाव, नंतर दोन, दोघांचं भरणं-रिकामं होणं अगदी एकसारखं नाही, कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला पोफळीकडे जातं, वारणेचं नदीने पूर्वेला.

दोन्ही भाग आणि दोन्ही काळ वेगळे चालवले. वार्षिक खूण सगळीकडे आहे पण सारखी ठळक नाही, आणि तिची दिशा, म्हणजे वर्षातला जास्तीचा काळ, काळानुसार सरकते. घड्याळासारखा ताल म्हणता येणार नाही.

7 सप्टेंबर

हेळवाकच्या मावशीचा फोन. धरण भरलंय, परवा रात्री हादरा बसला, भांडी वाजली. "तुझं ते कॉम्प्युटरवरचं चाललंय ना, मग सांग की आता मोठा येणाराय का?"

तिला खरं उत्तर द्यायचं होतं म्हणून कागदावर हिशोब केला. 5 च्या वरचे पन्नास वर्षांत वीसेक धरले तर वर्षाला 0.4. समजा वर्षातल्या चार महिन्यांत शक्यता दुप्पट आहे. तर शांत महिन्यात अडीच टक्के आणि त्या चार महिन्यांत पाच टक्के, दर महिन्याला. म्हणजे सगळ्यात "धोक्याच्या" महिन्यातही पंचाण्णव टक्के काही होत नाही, आणि सगळ्यात शांत महिन्यातही होऊ शकतो. हे ढोबळ आहे, भूकंप झुंडीने येतात, त्यात एक आला की दुसऱ्याची शक्यता काही दिवस वाढते, ते यात नाही.

तिला सांगितलं, मावशी, महिना सांगता येणार नाही, पण पाऊस संपल्यावर कपाटं भिंतीला ठोकलीयत का ते बघ, माळ्यावरचं जड सामान खाली घे, आणि झोपायच्या खाटेच्या वर काही टांगू नको. ती म्हणाली, "ते सासूबाई सदुसष्टनंतर दर वर्षी करायच्या, गणपती उठले की."

16 सप्टेंबर

पातळीचा कोन वापरून केलेली टेस्ट झाली. वार्षिक खूण कॅलेंडरच्या टेस्टपेक्षा थोडी अजून धारदार झाली, विशेषतः 1985 आधीच्या भागात जिथे एकच तलाव होता. वारणेच्या भागासाठी कुठल्या तलावाची पातळी धरायची हे अजून ठरत नाहीये, दोन्हीचं वजन अंतराप्रमाणे मिसळून बघणार.

भरती-ओहोटीचं (12.42 तास आणि 14.77 दिवस) फक्त 2005 नंतरच्या डेटावर करणार, जुन्या नोंदींच्या वेळा त्या कामाला पुरेशा अचूक नाहीत. काही मिळालं नाही तरी नोंदवून ठेवेन.

कोड आणि साफ केलेली यादी एका फोल्डरमध्ये ठेवतेय, आफ्टरशॉक कापायच्या रेषेचे सगळे पर्याय आणि पावसाळ्याची वेगळी पूर्णता दोन्ही त्यात आहेत. ज्याला पालघर-डहाणूच्या झुंडीवर हेच करून बघायचंय (नोव्हेंबर 2018 पासूनचे धक्के) त्याने आधी 15 जुलैची नोंद वाचावी, तिथेही पाऊस भरपूर आणि धक्के बारीक.